सतरावं पान

बाइंडर पहिल्यांदा आमच्या मंडळात आला तेव्हा त्याच्या हातात पुस्तक नव्हतं. मला शंका आली ती तिथेच. दर गुरुवारी पाच वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सात-आठ जण जमतो आणि प्रत्येकाच्या मांडीवर आपापलं पुस्तक असतं. कुणाच्या पुस्तकात खूण म्हणून बसचं तिकीट, कुणाच्यात औषधाची चिठ्ठी, कुणाचा नुसताच दुमडलेला कोपरा. हा गृहस्थ आला, पायपुसण्यावर पाय पुसले, दाराजवळची खुर्ची घेतली आणि दोन्ही मोकळे हात गुडघ्यांवर ठेवून बसला. हात स्वच्छ होते, पण नखांच्या कडेला वाळलेली खळ होती.

लोक म्हणतात मी संशयी आहे. असेन. वजनमापाच्या खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर माणूस भाबडा राहिला असता तर खात्यानंच त्याला घरी बसवलं असतं. वजनाचं बूड पोखरून आतलं शिसं काढलेलं मी पाहिलंय, पारड्याखाली चिकटवलेलं मेण नुसत्या बोटानं शोधलंय, आणि जो दुकानदार "या ना बाई, बसा, पाणी घेता का" म्हणायचा त्याचा काटा मी सगळ्यात आधी तपासायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी भाजीच्या दुकानात माझी मान आपोआप काट्याकडे वळते. भाजीवाला मुकाट्यानं एक टोमॅटो जास्त टाकतो. मंडळात माझ्या तोंडावर मला ताई म्हणतात आणि पाठीमागे मापवाली ताई म्हणतात, हेही मला ठाऊक आहे.

मी मंडळात जायचे ते धाकटीमुळे. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, एक्कावन्न वर्षांची. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. दिवसभर खाली मान घालून गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, वरचा खालच्याशी जुळतो का ते बघायचं, पुन्हा काढायचा, पुन्हा बसवायचा. आई गेली त्याला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात. लग्न दोघींनीही केलं नाही. माझं राहून गेलं आणि तिचं मी राहू दिलं, असं आमची एक मावशी म्हणायची. मावशीच्या जिभेला हाड नव्हतं. धाकटी वाचते, खूप वाचते. मी वर्षाकाठी दोन-तीन पुस्तकं वाचत असेन, तीही कुणी हातात कोंबली तर. मंडळात मी सोबत म्हणून जायचे. सोबत म्हणजे पाळत, असं धाकटी हसून म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

मंडळाचा नियम एकच, ग्रंथपालबाईंनी घालून दिलेला. वाचून संपलेलं पुस्तक आणायचं नाही. सध्या जे हातात आहे तेच सांगायचं आणि जिथवर पोचलात तिथवरच. हा नियम औषधवाल्यांमुळे झाला. त्यांचं चौकात औषधांचं दुकान आहे. पूर्वी ते दर गुरुवारी एखाद्या रहस्यकथेचा शेवट सांगून मोकळे व्हायचे, आणि तेच पुस्तक अर्धं वाचत असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा त्यांना खोलीबाहेर काढलं होतं. तेव्हापासून कुणी पुढचं विचारलं की "अजून तिथवर पोचलो नाही" एवढं म्हटलं की भागायचं. उलटतपासणी नाही. मला हा नियम पहिल्यापासून खटकायचा, कारण असल्या नियमाच्या आडोशाला कुणीही काहीही खपवू शकतो.

तर बाइंडरची पाळी आली. त्यानं आधी घसा साफ केला. मग एका कादंबरीतली गोष्ट सांगितली. नदीवर होडी चालवणारी एक विधवा, ओला दोर गाठ सुटत नाही म्हणून दातांनी सोडवते. सोडवता सोडवता थांबते. दात दुखतो म्हणून थांबत नाही, पलीकडच्या काठावर कुणीतरी उभं आहे आणि ते आपल्याला असं जनावरासारखं बघेल, म्हणून थांबते. मग तोंडातला दोर तसाच धरून ती पाठ फिरवते. एवढंच. पण त्यानं ते असं सांगितलं, एकेक शब्द असा हळूच खाली ठेवला, की खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. दातांचं नाव निघाल्याबरोबर धाकटीनं मान वर केली होती. ती मान नंतर तासभर खाली गेली नाही.

"मग ती लग्न करते का दुसरं?" औषधवाल्यांनी विचारलं.

"अजून तिथवर पोचलो नाही," बाइंडर म्हणाला.

पुढच्या गुरुवारी तो नव्या पुस्तकाबद्दल बोलला. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिसऱ्याच. होडीवालीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही, नियमच तसा. दर आठवड्याला पुस्तक नवं, दर आठवड्याला एकच प्रसंग, तो मात्र नखशिखान्त, आणि दर आठवड्याला तेच उत्तर. बाकी सगळे भारावले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, वाचावं तर असं. मी मनात म्हटलं, या माणसाला एकही पुस्तक पुरतं पचत नाही की काय. बाहेर त्याच्याशी बोलताना मी 'अहो' म्हणायचे, मनात मात्र 'अरे'च चालायचं.

आणि मग आमच्या घरात फाटकी पुस्तकं सापडायला लागली. एवढी फाटकी पुस्तकं आपल्याकडे आहेत याची मला कल्पनाच नव्हती. धाकटी दर दोन दिवसांनी एक घेऊन बाइंडरकडे जायची. एकाचा पुठ्ठा मी स्वतः आदल्या रात्री धड पाहिला होता, सकाळी तो सुटलेला होता. तिनं कानातलं नवीन घेतलं. कामावरून यायला तिला अर्धा तास उशीर व्हायला लागला. विचारलं तर म्हणायची, कामाचा भार आहे, सध्या लोकांचे दात फार पडतायत.

एका रविवारी तो तिचं पुस्तक पोचवायला आमच्याकडे आला. चहा घेतला. आमच्या घराची रस्त्याकडची खोली आई गेल्यापासून रिकामीच आहे. तिला मोठी खिडकी आहे आणि दिवसभर सारखा उजेड असतो. जाताना तो त्या खोलीच्या दारात घुटमळला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यानं नजर फिरवली. दुसऱ्याचं मोजणं माझ्या नजरेतून सुटत नाही. मी त्याची चौकशी केली: बायको नऊ वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, दुकान भाड्याचं, दुकानामागच्या दोन खोल्यांत राहणं. सगळे धागे मला एकाच दिशेला जाताना दिसले, आणि ती दिशा आमच्या रस्त्याकडच्या खोलीची होती.

त्यानंतर आठवडाभरातच धाकटीनं जेवताना सांगितलं. बाइंडरांनी लग्नाचं विचारलंय. मी सध्या विचार करते म्हटलंय, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सांगते म्हटलंय. तिनं हे ताटाकडे बघत सांगितलं, पण तिचे कान लाल झाले होते. मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, मला त्यांचं बोलणं आवडतं. ज्याचं बोलणं आवडतं त्याच्याशी आधी बोलावं, लग्न कशाला करावं, असं मी म्हणणार होते, त्याऐवजी तिला आणखी एक पोळी वाढली. खरं सांगायचं तर मी घाबरले. तिच्याशिवाय त्या घरात मी काय करणार होते ते मला ठाऊक नव्हतं. पण भीतीपेक्षा संशय मला जास्त सवयीचा. मी ठरवलं, माणूस तपासायचा.

सुरुवात त्याच्याच चुकीनं झाली. त्या गुरुवारी चहाच्या वेळी कुणीतरी होडीवालीच्या कादंबरीचा विषय काढला. बाइंडर सहज म्हणून गेला, शेवटी ती होडी विकून गेली ते बरंच झालं. ते पुस्तक धाकटीनं घरी आणलं होतं. मी ते उघडलं आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा एखादं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, पुरावा म्हणून. होडी विकायचं ठरतं ते पान दोनशे एकोणपन्नासवर. दोनशे एक्कावन्नवर ती गिऱ्हाइकाला परत पाठवते आणि पुस्तकाच्या शेवटापर्यंत होडी तिचीच राहते. दोन पानं पुढे गेला असता तरी त्याला कळलं असतं.

मग मी माझी तपासणीची जुनी वही काढली. रकाने आखले: तारीख, पुस्तक, काय म्हणाला, कुठे सापडलं. सहा गुरुवार मी त्याचा शब्दन्‌शब्द टिपला. वही पर्सच्या आड धरायची, नजर समोर ठेवायची, हे मला जमतं, सगळी नोकरी त्यातच गेली. शुक्रवारी मी वाचनालयातून ते पुस्तक आणायचे आणि त्यानं सांगितलेला प्रसंग सापडेपर्यंत पानं चाळायचे. ग्रंथपालबाईंना वाटलं मला वाचनाची गोडी लागली. माझ्या नावाचं कार्ड भरून दुसरं कार्ड निघालं.

सहाव्या शुक्रवारी मी शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. चोवीस. एक्केचाळीस. आठ आणि नऊ. सत्तावन्न. बहात्तर. एकशे पाच. पुस्तकं वेगवेगळी, लेखक वेगवेगळे, एक तर आत्मचरित्र होतं. मी वजाबाक्या केल्या. आठ-नऊ, त्यात सोळा मिळवा, चोवीस-पंचवीस. आणखी सोळा, चाळीस-एक्केचाळीस. तो जे काही बोलला होता ते झाडून सगळं याच पानांवर होतं. मधल्या चौदा पानांतला एक शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता. माझ्या खात्यात एखादा काटा इतक्या नेमानं तेवढ्याच मापानं चुकायला लागला की आम्ही समजायचो, हा बिघडलेला नाही, हा कुणीतरी लावलेला आहे.

रात्रभर मी डोकं चालवलं. याला कुणी चिठ्ठ्या लिहून देतं का? बायकांवर छाप पाडायची ही काही ठरलेली पद्धत आहे का? दुसऱ्या गावांतही अशी मंडळं असतील, तिथेही कुणाच्या तरी धाकट्या बहिणी माना वर करून बसल्या असतील, इथपर्यंत माझी गाडी गेली.

मंगळवारी भर दुपारी मी त्याच्या दुकानावर गेले, न कळवता. तपासणीला कळवून जात नसतात. दुकान एका अरुंद गल्लीत, दाराला अर्धा पडदा. मी समोरून न जाता बाजूच्या खिडकीशी उभी राहिले. आत पुठ्ठ्यांचे गठ्ठे, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, खळीचं पातेलं, कचेऱ्यांच्या जाडजूड नोंदवह्या. बाइंडर खिडकीच्या उजेडात बसला होता. त्याच्यापुढे एका पुस्तकाचं सगळं अंग सुटं करून ठेवलेलं होतं. मोठा कागद दुमडून दुमडून सोळा पानांची एक घडी होते, तिला बाइंडर लोक फर्मा म्हणतात. अशा घड्यांची चळत त्याच्या डाव्या हाताला होती. त्यानं एक फर्मा उचलला, बरोबर मध्यावर उघडला, घडीच्या चिरेत सुई घातली, दोरा ओढला. सुई आत-बाहेर होईपर्यंत ती दोन पानं त्याच्या डोळ्यांपुढे उघडी होती. त्याचे ओठ हलत होते. दोरा संपला, फर्मा मिटला, उजवीकडे गेला. दुसरा उचलला, मध्यावर उघडला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आठ आणि नऊ. चोवीस आणि पंचवीस. हा माणूस पुस्तक वाचतच नव्हता. शिवताना जेवढं दिसेल तेवढं बघत होता आणि गुरुवारी येऊन आमच्यापुढे विद्वान होऊन बसत होता. मला आनंद झाला. फार मोठा आनंद झाला, लपवावा लागेल इतका. तेवढ्यात त्यानं मान वर केली आणि मला पाहिलं. तो उठला, पडदा सारला, स्टूल पुसून दिलं. मी म्हटलं, इथून सहज चालले होते. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी बाई या बोळातून सहज कुठे चालली होती, ते त्यानं विचारलं नाही. मी निघताना त्यानं धाकटीसाठी निरोप दिला, तिचं पुस्तक उद्या वाळेल.

घरी मी धाकटीला काही बोलले नाही. घरात सांगितलं असतं तर तिनं त्याच्या वतीनं दहा कारणं काढली असती. पकडायचं तर चारचौघांत, हे मी नोकरीत शिकले. बंद दाराआड कबूल झालेली लबाडी बाहेर आल्यावर नाकबूल होते. शेवटचा गुरुवार दोन दिवसांवर होता आणि त्या दिवशी ती त्याला उत्तर देणार होती.

त्या गुरुवारी खोली भरलेली होती. धाकटीनं निळी साडी नेसली होती आणि मांडीवर पुस्तक धरलं होतं. बाइंडरनं एका शाळेत घंटा वाजवणाऱ्या माणसाच्या आठवणी सांगितल्या. थंडीच्या दिवसांत एक पोर रोज दोन मिनिटं उशिरा धावत यायचं, म्हणून तो माणूस हिवाळाभर घंटा दोन मिनिटं उशिरा वाजवतो आणि सगळ्या शाळेचं घड्याळ चुकवतो. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे टिपले. आमच्या शाळेत असं झालं असतं तर मी त्याला काढलं असतं, असंही त्या म्हणाल्या.

मंगळवारी त्याच्या दुकानात सुटं करून ठेवलेलं पुस्तक हेच होतं. मी पर्समधून त्याची वाचनालयातली दुसरी प्रत काढली.

"एक विचारू का?" मी म्हटलं. "सतराव्या पानावर काय आहे?"

ग्रंथपालबाई म्हणाल्या, ताई, आपला नियम. मी म्हटलं, नियम पुढचं विचारायचं नाही असा आहे, मी मागचं विचारतेय. आत्ता यांनी सांगितलं ते छप्पन्नाव्या पानावर आहे. छप्पन्नपर्यंत पोचलेल्या माणसाला सतरा लागलंच असेल की वाटेत. औषधवाले पुढे सरकून बसले.

बाइंडरनं माझ्याकडे पाहिलं. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"सतरावं पान मी पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "चोवीस आणि पंचवीस पाहिलंय."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं, कुणी न विचारता, त्याच हळू आवाजात. एकोणिसाव्या वर्षी तो एका मोठ्या बाइंडिंग कारखान्यात लागला. मालक मधोमध उंच स्टुलावर बसायचे. कामगारानं वाचायचं नाही हा तिथला पहिला नियम, वाचायला लागला की हात थांबतो. नुसतं पान उलटलं तरी मालक खाकरायचे. पण फर्मा शिवायचा तर मध्यावर उघडावाच लागतो आणि सुई चिरेत जाईपर्यंत नजर तिथेच ठेवावी लागते, तेवढं कुणाला थांबवता येत नव्हतं. सोळातली दोन पानं. चौतीस वर्षं तो तेवढीच वाचत आला. उरलेली चौदा खळ वाळेपर्यंत स्वतःच्या मनानं भरून काढायची. होडीवाली त्याच्या मनात होडी विकून गेली होती, पुस्तकात काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. मालक वारले, स्वतःचं दुकान झालं, आता खाकरणारं कुणी नव्हतं. त्यानं एकदा एक पुस्तक पहिल्या पानापासून धरलंही होतं, पण हात सुई शोधायला लागतात, असं म्हणून तो स्वतःच थोडा हसला. तुमच्यात येऊन बसलो ते फक्त एवढ्यासाठी, की ती दोन पानं कुणाला तरी सांगावीशी वाटायची. बायको होती तोवर तिला सांगायचो.

मग तो उठला. सगळ्यांना येतो म्हणाला. धाकटीच्या खुर्चीपाशी थांबला.

"तुम्हाला तरी आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "लाज वाटली."

तो गेला. औषधवाल्यांनी उगाच चष्मा पुसला. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं त्या एकेकाळी चहाडी घेऊन आलेल्या मुलीकडे बघत असतील. ग्रंथपालबाई म्हणाल्या, आज इथेच थांबूया. मला कुणाचं काही वाटलं नाही. काम चोख झालं होतं. मनातल्या मनात मी शिक्का मारला.

घरी येईपर्यंत धाकटी माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. मला वाटलं रडेल, मी चहा टाकला. पण ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, दाखव ती वही. मी दिली. मला अभिमानच होता त्या वहीचा. तिनं ती पहिल्या पानापासून वाचली, सगळे रकाने, सगळ्या तारखा, घाई न करता. वाचून झाल्यावर तिनं वही मिटून बाजूला ठेवली.

"गेल्या गुरुवारी त्यांच्यानंतर माझी पाळी होती," ती म्हणाली. "मी कुठल्या पुस्तकाबद्दल बोलले?"

मी आठवायला लागले. ती बोलली होती हे मला आठवत होतं. तिचा हात हलताना आठवत होता. पण ती बोलत असताना माझं त्याचं बोलणं वहीत उतरवून घ्यायचं काम चालू होतं.

"बरं, त्याच्या आधीच्या गुरुवारी? या सहांतलं कुठलंही एक सांग."

चहा उतू गेला, मी गॅस बंद करायला उठले आणि ओट्यापाशीच उभी राहिले. सांडलेला चहा दोनदा पुसला.

"बावीस वर्षं एका घरात आहोत ताई," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "त्यांनी निदान सोळातली दोन बघितली."

ती उठली, केस नीट केले, चपला घातल्या. मी म्हटलं, कुठे? ती म्हणाली, आज उत्तर द्यायचा दिवस आहे. बाहेर अजून उजेड होता. मी खिडकीतून पाहिलं. ती रस्त्यानं भराभर चालली होती, मांडीवर घेऊन बसली होती ते पुस्तक काखेत धरून, आणि त्या पुस्तकाचं नाव मला लांबून वाचता येत नव्हतं.

लग्न पुढच्या महिन्यात झालं, कचेरीत, वीस मिनिटांत. साक्षीदार म्हणून मी सही केली. अर्ज मागून-पुढून वाचून मगच केली, कारकून कंटाळला. बाइंडर शांतपणे उभा होता. रस्त्याकडच्या खोलीचा विषय निघायची मी वाट पाहत होते, तो आजवर निघालेला नाही. ती दोघं दुकानामागच्या दोन खोल्यांतच राहतात. एकदा पुस्तक पोचवायच्या निमित्तानं मी त्या खिडकीशी थांबले होते, जुनी खोड. तो शिवत होता आणि धाकटी शेजारी बसून सुट्या फर्म्यांतून मोठ्यानं वाचत होती. त्यानं फर्मा मध्यावर उघडला की ती थांबायची, ती दोन पानं त्याची म्हणून. मग पुढचं. मी आत न जाता परत आले. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, आणि ते मी इथे लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी बघायला नव्हतं.

धाकटी रविवारी येते. पहिले दोन रविवार आम्ही दुधाबद्दल, पाण्याबद्दल, तिच्या प्रयोगशाळेतल्या नव्या यंत्राबद्दल बोललो. तिसऱ्या रविवारी मी आठवडाभर घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं. चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "सध्या काय वाचतेस?"

तिनं कप उचलला नाही. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, आणि मग टेबलावर माझी पर्स होती तिच्याकडे.

"कशाला विचारतेस?" ती म्हणाली.